रडारचा पडदा बनवायचाय? आधी दोन तास एसटी स्टँडवर बसा

गावाकडं कुणी विचारलं, "नोकरीत काय होता हो?" आणि मी "कंट्रोलर" म्हणालो, की पुढचा प्रश्न ठरलेला : "कुठल्या डेपोला?" सुरुवातीची काही वर्षं मी टॉवर, रडार, विमानं असं सगळं समजावून सांगत बसायचो. नंतर नुसतं "जालना" म्हणून मोकळा व्हायला लागलो. फार खोटंही नव्हतं ते. काम तेच : येणाऱ्याला जागा द्यायची, जाणाऱ्याला वाट द्यायची आणि कुणाला काय सांगितलं ते विसरायचं नाही.

आता निवृत्त होऊन संभाजीनगरात राहतो. भाची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौघांनी मिळून हवाई वाहतूक नियंत्रणाचा सिम्युलेटर करायला घेतलाय. मागच्या दिवाळीत लॅपटॉप घेऊन घरी आली. पडदा काळा, त्यावर गोल गोल फिरणारा हिरवा काटा, काटा विमानावरून गेला की 'टुंग' असा आवाज. प्रत्येक विमानाशेजारी आठ ओळी : नंबर, बनावट, कुठून, कुठं, उंची, वेग, इंधन आणि प्रवासी किती.

"प्रवासी किती ते मला कशाला?"

"असू द्या की मामा. माहिती आहे तर दाखवली."

त्या दिवसापासून दर रविवारी त्यांच्या पडद्याची चिरफाड चालू आहे. त्यातून जे निघालं ते इथं लिहितोय. असा पडदा बनवणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल : कॉलेजात, कंपनीत, किंवा विमानाऐवजी अँब्युलन्स नाहीतर धरणाचे दरवाजे सांभाळायचे असतील तरी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कंट्रोलर पडद्यात विमानं शोधत बसलेला नसतो. त्याच्या डोक्यात एक चित्र असतं, आम्ही त्याला 'पिक्चर' म्हणतो. कोण कुठं आहे, कोण कुठं जाणार आहे, मी कुणाला काय कबूल केलंय आणि कुणाचं काय बाकी आहे, हे सगळं त्यात येतं. पहिल्या दोन गोष्टी रडार दाखवतं. घात होतो तो शेवटच्या दोनमध्ये. म्हणून पडदा काढताना सतत विचारायचं, हा माझ्या वतीनं काय लक्षात ठेवतोय?

आधी स्टँडवर बसा

खऱ्या रडार रूममध्ये तुम्हाला कुणी बसू देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मध्यवर्ती बसस्थानकात कंट्रोल केबिनसमोरच्या बाकावर कुणीही बसू शकतं. वही घेऊन दोन तास बसा. आतला वाहतूक नियंत्रक काय काय बघतो, कशाला हात लावतो, कुणाशी बोलतो, ते सगळं वेळेसकट लिहा. बीडची गाडी लागली, कंडक्टर सहीला आला, माइकवर घोषणा, खिडकीतून "पुण्याची कधी हाय?", फोन, परत खिडकीतून "पुण्याची कधी हाय?".

भाचीच्या गटाला मी हेच करायला लावलं. आधी तोंडं वाकडी झाली. दोन तासांनी वही बघितली तर निम्म्याहून जास्त नोंदी व्यत्ययाच्या होत्या. मग विचारलं, व्यत्यय आल्यावर तो माणूस अर्धवट राहिलेल्या कामाकडं परत कसा येतो? एका पोरानं बरोबर टिपलं होतं. खिडकीकडं वळताना नियंत्रक रजिस्टरच्या त्या ओळीवर पेन आडवा ठेवून देतो. परत वळला की पेन सांगतो, इथं होतास.

तुमच्या पडद्यात तो पेन कुठाय? याचं उत्तर सापडेपर्यंत कोड लिहू नका.

त्याच वहीत आणखी एक काम करा : हद्द आखा. कुठल्या गोष्टी पडद्यात येतात आणि कुठल्या येत नाहीत. आमच्या भागातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. २६ एप्रिल १९९३ ला औरंगाबादहून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं आणि ५५ माणसं गेली. रडारच्या हिशोबात ट्रक नसतो. पण विमानाच्या वाटेत तो असू शकतो.

लेबल : आठ ओळींच्या तीन कशा केल्या

विमानाच्या ठिपक्याशेजारच्या मजकुराला लेबल म्हणतात. प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायचा : हा बघून मी कुठला निर्णय घेणार? उत्तर आलं नाही तर तो शब्द खाली उतरला. इंधन? वैमानिक अडचणीत असेल तर तो स्वतः सांगेल. प्रवासी? अपघात झाला तरच लागतात, आणि तेव्हा ते फोनवर विचारले जातात. बनावट लागते, कारण जड विमानामागं हलकं विमान जास्त अंतरावर ठेवावं लागतं. पण ती सतत डोळ्यासमोर नको, जड असेल तर एक खूण पुरे. शेवटी उरलं ते असं :

अबक २१५
२८० ↓ २४०
४५

पहिली ओळ विमानाचं बोलायचं नाव. दुसरीत डावीकडं आत्ताची उंची शेकडा फुटांत, म्हणजे २८,००० फूट. बाण खाली, म्हणजे उतरतंय. उजवीकडं मी त्याला दिलेली उंची, २४,०००. तिसरी ओळ वेग, दहा नॉटच्या हिशोबात, म्हणजे ४५० नॉट (तासाला ४५० नॉटिकल मैल). बाकी सगळं लेबलवर माउस नेला तर उघडेल, नाहीतर झाकलेलं राहील.

ही काटछाट शोभेसाठी नाही. जेट विमान ४८० नॉटनं चाललं तर मिनिटाला ८ नॉटिकल मैल कापतं. दोन विमानं समोरासमोर असतील तर अंतर मिनिटाला १६ मैलांनी तुटतं. दोघं ४० मैलांवर असताना तुमच्या लक्षात आलं असं धरा. एका उंचीवर असतील तर ५ मैलांच्या आत येऊ द्यायची नाहीत. म्हणजे हातात जेमतेम सव्वादोन मिनिटं. त्यातली पाचेक सेकंद बोलण्यात जातात, तेवढीच वैमानिकानं तेच परत म्हणून दाखवण्यात, ज्याला आम्ही रीडबॅक म्हणतो. मग विमान खरंच उतरायला लागलं का, हे बघायला रडारचा पुढचा फेरा यावा लागतो. लांब पल्ल्याच्या रडारचा फेरा दहा-बारा सेकंदांचा असू शकतो. आठ ओळींतून एक आकडा शोधायला तीन सेकंद जास्त लागली तर ती ह्याच सव्वादोन मिनिटांतून जातात.

लेबलं एकमेकांवर चढतात, तो वेगळा ताप. त्यांना आपोआप बाजूला सरकवणारा प्रोग्राम लिहिता येतो, पण फार चुळबुळ्या लिहू नका. मी उजवीकडं पाहिलेलं लेबल पुढच्या फेऱ्यात डावीकडं उडी मारून बसलं तर डोकं जागेवर राहत नाही. कंट्रोलरनं हातानं ओढून ठेवलेलं लेबल मशीननं हलवायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ.

पाहिलेलं, सांगितलेलं आणि ठरलेलं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

पडद्यावरचा प्रत्येक आकडा तीनपैकी एका घरचा असतो. एक, रडारनं किंवा विमानातल्या ट्रान्सपाँडरनं (रडारला विमानाची ओळख आणि उंची कळवणाऱ्या यंत्रानं) कळवलेला. दोन, मी वैमानिकाला तोंडानं सांगितलेला. तीन, कागदावर आधीच ठरलेला, म्हणजे फ्लाइट प्लॅनमधला. ही तीन घरं एकमेकांत मिसळली की पडदा खोटं बोलायला लागतो, आणि खोटं बोलताना तो अगदी खऱ्यासारखाच दिसतो.

२९ सप्टेंबर २००६ ला ब्राझीलमध्ये हेच झालं. एक छोटं लेगसी जेट ३७,००० फुटांवरून मनौसकडं चाललं होतं. प्लॅनमध्ये लिहिलेलं की ब्राझीलिया शहरापासून पुढं ३६,००० वर जायचं. पण तशी सूचना त्याला कुणी दिलीच नाही, म्हणून ते ३७,००० वरच राहिलं. आता पडद्याचं बघा. लेबलमध्ये दिलेल्या उंचीची जी जागा, त्याच जागी संगणकानं प्लॅनमधली ३६० आपणहून टाकली. बघणाऱ्याला वाटलं, ३६० दिलेली आहे. पुढं विमानाचा ट्रान्सपाँडर बंद पडला, तेव्हा लेबलमध्ये दोन आकड्यांमधलं चिन्ह '=' चं 'झेड' झालं. तेवढाच काय तो इशारा, एका अक्षराचा. समोरून ३७,००० वरच 'गोल' नावाच्या विमान कंपनीचं बोइंग येत होतं. त्यातले १५४ च्या १५४ गेले. कारणं बाकीही होती, एकट्या पडद्याला फाशी देता येणार नाही. पण 'ठरलेलं' हे 'सांगितलेलं' म्हणून दाखवणं ही पडदा बनवणाऱ्याची चूक.

म्हणून नियम करा. दिलेल्या उंचीच्या जागी फक्त कंट्रोलरचा हात लागलेला आकडाच येईल. प्लॅनमधला आकडा दाखवायचाच तर दुसऱ्या जागी, दुसऱ्या रूपात. आणि रडारकडून उंची येणं थांबलं तर जुना आकडा तसाच चिकटून राहता कामा नये. तो विझला पाहिजे, जागा रिकामी दिसली पाहिजे. रिकामी जागा माणसाला खुपते. जुना आकडा खुपत नाही.

आपल्याकडची चरखी दादरीची टक्कर, १२ नोव्हेंबर १९९६, ३४९ मृत्यू. तेव्हा दिल्लीला उंची दाखवणारं दुय्यम रडार चालू नव्हतं. पडद्यावर ठिपके होते, पण कोण किती उंचीवर हे वैमानिक सांगेल तेच खरं मानावं लागे. एका विमानाला १४,००० फूट दिलेले, दुसऱ्याला १५,०००. १५,००० वाला खाली उतरला आणि पडद्याला ते कळायची सोयच नव्हती. आज दिलेली आणि खरी उंची शेजारी-शेजारी दिसतात, तर निदान त्या दोघांत फरक पडला की लेबलनं ओरडावं एवढं करा.

पट्टी

माझे वडील जालन्याच्या मोंढ्यात अडत दुकानावर मुनीम होते. हर्रास झाली, माप झालं की प्रत्येक शेतकऱ्याची चिठ्ठी त्यांच्या फळीवर यायची. फळीवर एकाखाली एक अशी रांग. ज्याचे पैसे चुकते झाले त्याची चिठ्ठी तारेच्या काट्यात टोचली जायची. कुणाचं काही अडलं, वजनाचा वाद, उचल कापायची, की ती चिठ्ठी आडवी. आठ-दहा वर्षांचा असताना मी विचारलं होतं, आडवी कामून ठेवता? म्हणाले, "मी जेवायला गेलो तरी तिला आठवण राहती."

पुढं अलाहाबादला ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा स्ट्रिप बोर्ड बघितला आणि हसूच आलं. प्लास्टिकच्या धारकात कागदी पट्टी, प्रत्येक विमानाची एक. वर-खाली रांग म्हणजे क्रम. काही बाकी असलं की पट्टी तिरकी ओढून ठेवायची. वडिलांची फळीच होती ती.

आता पट्ट्या पडद्यावर आल्यात आणि बनवणारे फार हुशारीनं त्यांचे नीटनेटके तक्ते करतात : सगळं आपोआप वेळेनुसार लावलेलं, एका रेषेत. तसं करू नका. हातानं पट्टी सरकवणं हे कंट्रोलरचं विचार करणंच आहे. क्रम त्यानं लावला तर तो त्याच्या डोक्यात बसतो. मशीननं लावला तर वाचावा लागतो. इलेक्ट्रॉनिक पट्टी बोटानं ओढता आली पाहिजे आणि तिरकी करता आली पाहिजे. तिरकी पट्टी मशीननं स्वतःहून कधीच सरळ करायची नाही.

माझीच एक गोष्ट सांगतो. विमानतळाचं नाव राहू द्या, छोटा होता, दिवसाला मोजून काही विमानं. मे महिन्याची दुपार. धावपट्टीवर कुत्री आली होती, म्हणून मी जीपला आत जायला परवानगी दिली. दोन तास काहीच काम नव्हतं, डोकं ऐदी झालेलं. तेवढ्यात हॉटलाइन वाजली, कुणाला तरी पुढच्या विमानाची वेळ हवी होती. बोलता बोलताच येणाऱ्या विमानानं हाक दिली. मी धावपट्टीकडं नजर टाकली. लांबचं टोक उन्हाच्या झळांत हलत होतं, जीप दिसली नाही. मी उतरायची परवानगी देऊन टाकली. पाच-सहा सेकंदांत वॉकी-टॉकीवर ड्रायव्हर : "सर, मी आजून आतच हाय."

विमानाला परत वर पाठवलं. कुणाला खरचटलंही नाही. अहवालात लिहून आलं, 'नियंत्रकाचे दुर्लक्ष'. चूक माझीच होती, ते अमान्य नाही. पण ते दोन शब्द वाचून पुढचा कंट्रोलर काय वेगळं करणार होता? मी सुताराकडून एक लाकडी पट्टी करून घेतली, लाल रंगवली, वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं 'धावपट्टीवर वाहन'. जीप आत गेली की ती पट्टी बोर्डावर उतरणाऱ्या विमानाच्या जागेवर ठेवायची. उतरणाऱ्याची पट्टी तिथं सरकवायला गेलो की हाताला लाकूड लागायचं. मोठ्या टॉवरांत असली सोय असतेच, मी काही शोध लावला नाही. मला ती उशिरा सुचली, एवढंच.

लॉस एंजेलिसला १ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री असंच काहीसं झालं होतं, फक्त तिथं कुणी वेळेवर बोललं नाही. एका छोट्या विमानाला धावपट्टीवर थांबवून ठेवलं होतं. तिसऱ्याच एका विमानाची पट्टी जागेवर नव्हती, त्या घोळात कंट्रोलर थांबलेल्या विमानाला विसरली आणि त्याच धावपट्टीवर मागून येणाऱ्या बोइंगला उतरायची परवानगी दिली. ३५ माणसं गेली.

सॉफ्टवेअरमध्ये हे करताना पोरांनी पहिल्यांदा पडद्याच्या कोपऱ्यात लाल दिवा लावला. मी म्हणालो, कोपऱ्यात कशाला? माझा हात कुठं जाणार आहे? 'उतरायची परवानगी'च्या बटणाकडं. मग आडवं यायचं तर तिथं या. आता वाहन आत असलं की ते बटणच लाल पट्टीखाली झाकलं जातं. आठवण ही हाताच्या वाटेत ठेवायची असते.

गजर

गजर लावणं सोपं, म्हणून सगळे भरमसाट लावतात. मग काय होतं ते ग्वाम बेटावर दिसलं. विमान डोंगराजवळ धोकादायक खाली आलं की कंट्रोलरला सावध करणारी यंत्रणा तिथं होती. पण ती फुकटचे गजर फार द्यायची, म्हणून तिचं क्षेत्र इतकं कापलं गेलं की ती जवळपास बंदच झाली. ६ ऑगस्ट १९९७ ला कोरियन एअरचं विमान धावपट्टीआधीच्या टेकडीवर आदळलं, २२८ मेले. फुकट वाजणारा गजर नुसता त्रास देत नाही; शेवटी कुणीतरी वैतागून त्याचा गळा दाबतो.

उलट बाजू हानेदा विमानतळाची. २ जानेवारी २०२४, टोकियो. तटरक्षक दलाचं विमान धावपट्टीवर उभं, मागून जपान एअरलाइन्सचं एअरबस उतरतंय. कंट्रोलरच्या पडद्यावर इशारा आला होता, रंग बदलले होते. आवाज नव्हता. त्याच्या ते लक्षात आलं नाही. एअरबसमधले ३७९ जण बाहेर पडले, तटरक्षक दलाचे पाच जण गेले.

मग आवाज हवा की नको? जो इशारा आल्यावर तोंडानं लगेच काहीतरी बोलावंच लागतं, त्यालाच आवाज द्या. बाकी सगळं मुकं. आणि आवाजासोबत काय ते कळू द्या : नुसतं 'टुंग टुंग' नको, कुठली दोन विमानं आणि किती सेकंद उरलीत ते त्यांच्या लेबलवरच दिसू द्या. भाचीच्या काट्याचा 'टुंग' आम्ही पहिल्याच रविवारी काढला. प्रत्येक गजराची वहीत नोंद ठेवा, खरा किती वेळा, फुकट किती वेळा. फुकटचे जास्त भरले तर कंट्रोलरला दोष द्यायच्या आधी तुमचं गणित तपासा.

किरकोळ, पण नडणारं

रंग थोडे वापरा. लाल धोक्यासाठी राखून ठेवा. बारीक निळी अक्षरं काळ्यावर काढू नका, डोळ्याच्या मधोमध निळा टिपणाऱ्या पेशी नसल्यातच जमा असतात. पुरुषांमध्ये लाल-हिरव्याचा घोळ होणारे बरेच असतात, म्हणून रंगासोबत आकार किंवा चिन्हही बदला. टॉवरचा पडदा आणि अंधाऱ्या रडार रूमचा पडदा एक नसतो. चिकलठाण्याची, म्हणजे आमच्या संभाजीनगरच्या विमानतळाची, धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. असल्या ठिकाणी संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो. लॅपटॉप गच्चीवर नेऊन दुपारी दोन वाजता वाचून बघा. पोलराइज्ड गॉगल घालूनही बघा, एलसीडी पडदा एखाद्या कोनातून काळाठिक्कर पडतो.

आकड्यांचं एक खास आपलं दुखणं. मराठीत आपण २५ लिहितो दोन-पाच आणि म्हणतो 'पंचवीस', पाच आधी. एकोणपन्नास आणि एकोणसाठमध्ये तर भलेभले फसतात. म्हणून रेडिओवर आकडे सुटे बोलतात : टू फाइफ. नऊला 'नाइनर', तो फाइव्हसारखा ऐकू येऊ नये म्हणून. पडद्यावरही आकडे जसे बोलायचे तसेच सुटे वाचता येतील असा टाइप घ्या. ३ आणि ८, ५ आणि ६ सहा फुटांवरून वेगळे ओळखू आले पाहिजेत. २१५ आणि २५१ एकाच वेळी पडद्यावर आले तर दोघांनाही खूण करा. चुकीच्या विमानानं सूचना उचलणं हा या धंद्यातला जुना रोग आहे.

आणि 'खात्री आहे का?' अशी खिडकी उघडू नका. तिसऱ्या दिवसापासून माणूस ती न वाचताच दाबतो. शिवाय कंट्रोलरचं खरं काम तोंडानं होतं. पडद्यावर तो फक्त नोंद करतो, तीही बोलता बोलता, दुसरा हात माइकच्या बटणावर असताना. नोंद एका हातानं, दोन टिचक्यांत झाली पाहिजे. मेन्यू उघडला तर तो शेजारच्या विमानावर पडता कामा नये. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच मोजून दाखवलं होतं की लक्ष्य जितकं लांब आणि बारीक तितका हाताला वेळ जास्त. इथं तर लक्ष्य पळतंही. याच फिट्सनं जोन्ससोबत १९४७ मध्ये 'वैमानिकाची चूक' म्हणून नोंदलेले ४६० अनुभव तपासले होते. त्यात एका दांड्याऐवजी दुसरा ओढला, असे कितीतरी निघाले. दांडे शेजारी-शेजारी आणि सारखे दिसणारे ठेवले होते, मग दुसरं काय होणार?

तपासायचं कसं

पोरं तपासणी करतात ती उत्साहात, सकाळी, चहा पिऊन, पंधरा विमानं सोडून. मी म्हणतो उलट करा. मराठवाड्यातल्या टॉवरचं दुखणं गर्दी नाही, रिकामपण आहे. दोन तास काही नाही, मग दहा मिनिटांत दोन विमानं आणि वर कुत्री. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये रडारवाल्यांसाठी घड्याळाचा प्रयोग केला होता : काटा एकेक टिक सरकतो, क्वचित दुप्पट उडी मारतो, ती उडी पकडायची. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या चुकवायला लागली. म्हणून परीक्षा घ्यायची तर गड्याला जेवणानंतर एक तास रिकाम्या पडद्यासमोर बसवा आणि मग दोन विमानं सोडा.

मध्येच माहितीचा पुरवठा तोडा. ज्या पडद्यावर सगळं थिजलंय पण दिसायला छान दिसतंय, त्याच्याइतकं घातक काही नाही. शेवटची माहिती किती सेकंदांपूर्वीची, हे सतत दिसलं पाहिजे आणि अंदाजानं पुढं ढकललेला ठिपका वेगळा दिसला पाहिजे. यंत्रणेचा एखादा भाग बंद असेल तर तो बंद आहे असं पडद्यावर लिहिलेलं हवं. १ जुलै २००२ ला झुरिकच्या कंट्रोलच्या हद्दीत, जर्मनीतल्या उबरलिंगनवर, दोन विमानांची टक्कर होऊन ७१ मेले. त्या रात्री देखभालीचं काम चालू होतं. टकरीचा पडद्यावरचा इशारा मिळत नव्हता आणि मुख्य फोन बंद होता. कंट्रोलर एकटा दोन जागा सांभाळत होता. इशारा बंद आहे हे त्याला माहीतच नव्हतं. आपल्याकडं निदान लाइट जाणार असली तर आधी मेसेज तरी येतो.

शेवटची परीक्षा टॉवेलची. मिका एंड्सली या बाईंनी ही पद्धत बसवली. त्या पडदा कोरा करतात, मी घरचा टॉवेल टाकतो. खेळ रंगात आला की पडदा झाकायचा आणि विचारायचं : कुठलं विमान कुठं? कुणाला कुठली उंची दिली? कुणाचं काय बाकी? पुढच्या दोन मिनिटांत कोण कुणाजवळ येणार? उत्तर चुकलं तर माणसाला नापास करायचं नाही. त्या उत्तरासाठी पडद्यानं काय मदत केली ते शोधायचं.

मागच्या रविवारी भाचीच्या मैत्रिणीला बसवलं. सात विमानं. टॉवेल टाकला. सातही जागा बरोबर, सहा उंच्या बरोबर. सातव्याला अडखळली, मग म्हणाली, "काका, त्याची पट्टी तिरकी आहे. त्याला काहीतरी सांगायचं राहिलंय. काय ते आठवेना, पण राहिलंय." मी टॉवेल काढला. पट्टी तिरकीच होती.

हिरवा फिरता काटा मात्र अजून पडद्यावर आहे. खऱ्या रडारच्या पडद्यावरून तो कधीचाच गेला, हे चार वेळा सांगून झालं. भाची म्हणते, मामा, बाहेरून येणारे परीक्षक तो काटा बघूनच मार्क देतात.